'प्रतिजैविक-प्रतिकारक' : कोण कोणाचा प्रतिकार करतंय?

मुठाकाठची: चिकन-मटणाच्या दुकानांत लावायचं पत्रक मराठीत करतेय. कच्च्या चिकनमधे साल्मोनेला, ई. कोलाय असे जंतू असू शकतात आणि त्यातल्या काहींवर अँटिबायोटिक चालत नाही, एवढंच सांगायचंय. मी "प्रतिजैविक-प्रतिकारक जीवाणू" लिहिलं. कोथरूडच्या आमच्या चिकनवाल्या काकांना वाचून दाखवलं तर म्हणाले, म्हणजे खाऊन प्रतिकारशक्ती वाढते ना? पार उलटा अर्थ! दुसरा शब्द सुचवा.

पेठकर: 'प्रतिकार' काढा, 'प्रतिजैविकरोधी' करा. अवघड वाटला म्हणून शब्द टाकायचा नसतो, सावरकरांचे 'महापौर', 'दिनांक' रुळलेच की.

सूक्ष्मदर्शी: काकांचं काही चुकलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मधे 12 देशांत विचारलं तेव्हा 76 टक्के लोकांना वाटत होतं की औषधाला आपलं शरीरच सरावतं. सरळ "औषधाला दाद न देणारे जंतू" लिहा.

भोरची लेक: आमची आजी म्हणायची "ताप औषधाला जुमानत नाही". पण 'सोकावलेले जंतू' कसं वाटतं? म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, तसं. कोंबड्यांना वजन वाढावं म्हणून खाद्यातून औषधं दिली, शेवटी 2019 मधे कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर, कोंबड्या-जनावरांना देण्यापुरती, भारतात बंदी आणावी लागली.

सूक्ष्मदर्शी: सोकावतो तो एकच जीव, चटक लागून. इथे औषधाने लेचेपेचे जंतू मरतात, आधीपासून वेगळे असलेले उरतात आणि मग त्यांचीच पिलावळ. शिवाय प्लाझ्मिड म्हणून डीएनएचं एक छोटं कडं असतं, ते एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतो. कोलिस्टिनला न जुमानणारा एमसीआर-1 हा जनुक अशाच कड्यावर होता, चीनमधे डुकरांत आणि विकायच्या मांसातही सापडला, 2015 मधे जाहीर झालं.

भोरची लेक: अहो मग ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! हेच की ते!

पेठकर: म्हण सुरेख बसली. पण 'दाद' फारसी आहे, मूळ अर्थ न्याय, म्हणून तर कोर्टात दाद मागतो. जंतू कसला न्याय देणार?

भोरची लेक: आणि गाण्याला देतो ती? अर्थ सरकतो हो. फारसी काढायचं तर 'जंतूंवर औषधाचा जोर चालत नाही' यातला जोरही जाईल.

मुठाकाठची: उद्या सकाळी छापायला जातंय. शिजवल्यावर हे जंतूसुद्धा मरतात, धोका कच्चं चिकन नळाखाली धुण्यात आणि त्याच सुरीने काकडी चिरण्यात आहे, ते खाली ठळक टाकलंय. वरच्या ओळीचं सांगा ना.

पेठकर: 'जोर' फारसी, मान्य. 'जुमानणे' कुठून आलं ते आधी बघू.