सिक्युरिटी क्लिअरन्स, ओसीआय आणि गावचा सातबारा

वाईकर_मेरीलँड
मंडळी, मागच्या वर्षी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. आता संरक्षण खात्याच्या एका कंत्राटदाराकडे नोकरी लागतेय, पण 'सीक्रेट' क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची सरकारी परवानगी, मिळालं तरच. त्यासाठीचा एसएफ-86 हा चौकशीचा फॉर्म उघडून बसलोय. आईबाबा वाईला, बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आजोबांच्या मागे सातबाऱ्यावर आम्हा सहा जणांची नावं लागली, माझ्या वाट्याला नऊ गुंठे येतात. ओसीआय कार्डही आहे, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते. हे दुहेरी नागरिकत्व धरतात का? मित्र म्हणतो, जमिनीचं लिहूच नको, उगाच फाटे फुटतील. दोन रात्री झोप नाही.

गोदाकाठ
भारतात दुहेरी नागरिकत्व नाहीच. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार, तुम्ही स्वखुशीने अमेरिकेची शपथ घेतलीत तेव्हाच इथलं नागरिकत्व संपलं. ओसीआयवाल्याला मतदानही करता येत नाही. मात्र दुसऱ्या देशाचा पासपोर्ट कधी होता का, हे फॉर्ममध्ये वेगळं विचारतात. तिथे जुना भारतीय पासपोर्ट लिहावाच लागेल. सरेंडर सर्टिफिकेट, म्हणजे तो पासपोर्ट परत केल्याचा दाखला, हाताशी ठेवा.

सांगलीची_ताई
दादा, त्या मित्राचं अजिबात ऐकू नका. फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं किंवा लपवणं हा तिथे फेडरल गुन्हा आहे. नऊ गुंठ्यांनी क्लिअरन्स जात नाही, लपवलेल्या नऊ गुंठ्यांनी जाऊ शकतं.

माझा भाऊ भारतीय सैन्यातून निवृत्त झालेला. मला वाटलं, संपलं सगळं. माझ्या क्लिअरन्सची मुलाखत अडीच तास चालली. भावाशी किती वेळा बोलता, काय बोलता, तुमचं काम त्याला माहीत आहे का, पैसे पाठवता का, हेच फिरून फिरून. नातेवाईक परदेशात आहेत एवढ्यावर ते थांबत नाहीत. त्यांच्याआडून कोणी तुमच्यावर दबाव आणू शकेल का, हे त्यांना बघायचं असतं. तुमचं घर, नोकरी, मुलं अमेरिकेत किती रुजलीत, तेही तोलतात. जून 2017 पासून लागू असलेल्या निकषांत तर दुसरं नागरिकत्व असणं एवढंच कारण नकाराला पुरत नाही.

मी एक विसरले होते: आईबरोबरचं सांगलीच्या बँकेतलं जॉइंट खातं. मुलाखतीत आठवलं तशी घाम फुटला, पण त्यांनी विचारायच्या आत मीच सांगितलं. त्यांनी टिपून घेतलं आणि पुढे गेले. अकरा महिने लागले, पण मिळालं. बहिणीची सरकारी नोकरी नीट लिहा, जमिनीची किंमत अंदाजे डॉलरमध्ये द्या. आणि यापुढे गावी जायचं तर आधी कळवावं लागेल, ते आईबाबांना आत्ताच समजावून सांगा.

वाईकर_मेरीलँड
ताई, तुमचं वाचून लगेच बाबांना फोन लावला. त्यांनी सातबाऱ्याचा फोटो पाठवला. सहा नावांत तिसरं माझं. बाबा म्हणाले, "तुला अडचण होत असेल तर हक्कसोड करून टाकू का?" मी नको म्हटलं. आज रात्री ते पान भरतो.