एप्रिलअखेर पाटोद्याच्या माळावर पहाटे चालायचंय: वेळ, पाणी, बूट?

पायवाट
पुण्याहून जामखेड-पाटोदा मार्गे परळीला निघालोय, पाटोद्याला मुक्काम. सकाळी दोन-अडीच तास बालाघाटच्या माळावर चालायचा बेत आहे. सोबत साठीतले वडील. किती वाजता निघावं, पाणी किती घ्यावं, बूट कसले? आणि सौताड्याचा धबधबा तेव्हा असतो का?

बालाघाटी
धबधबा पावसाळ्यातला. एप्रिलअखेर विंचरणा नदीचा कडा कोरडा असतो. दरी आणि खालचं रामेश्वराचं देऊळ जरूर बघा, पण उतरलेल्या पायऱ्या परत चढायच्या असतात. वडिलांना घेऊन माळ आणि पायऱ्या एकाच सकाळी नकोत.

सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, पावणेसहाला पायाखालचं दिसायला लागतं. तेव्हाच निघा. जाताना पूर्वेकडे, येताना पश्चिमेकडे अशी वाट धरा. कोवळं ऊन तोंडावर चालतं, आठचं चालत नाही. सातला जिथे असाल तिथून माघारी फिरा. उघड्या माळावर अंतराचा अंदाज हमखास चुकतो, समोरची टेकडी जवळच वाटते आणि तासभर लागतो. पोचला नाहीत तरी फिराच.

पाणी माणशी दीड लिटर, त्यातलं निम्मं परतीसाठी. एक बाटली साखर-मिठाची करा: लिटरला चहाचे सपाट सहा चमचे साखर, तसाच अर्धा चमचा मीठ. वडिलांना बीपी-शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डोकं दुखायला लागलं, चक्कर आली की सावलीला बसायचं, मान-काखा ओल्या करायच्या.

मुरमाड
जाळीचे रनिंगचे बूट नकोत, कुसळ आरपार जातं. बाभळीचा काटा पातळ तळव्यातूनही घुसतो. जाड तळव्याचे कॅनव्हासचे किंवा चामड्याचे घ्या, पँट गुळगुळीत कापडाची. कुसळाच्या टोकाला मागे वळलेली बारीक लव असते, त्यामुळे शेपटी धरून ओढलं की ते तुटतं आणि टोक आतच राहतं. कपड्यात शिरलं असेल तर टोकाच्या बाजूनं, पुढे ओढून काढा.

घसरायला होतं ते उतारावर. खाली कातळ आणि वर सुटा मुरूम असला की खडे पायाखाली गोळ्यांसारखे फिरतात. सरळ उतरू नका, तिरपं उतरा, पावलं आखूड. वडिलांच्या हातात काठी द्या. नांगरटीतून तर जाऊच नका, ढेकळांवर घोटा मुरगळतो. पांदण, म्हणजे शेतांमधली वाट, बरी.

शिवारकर
सगळ्यात मोठा धोका शेततळ्याचा. आतला प्लास्टिकचा कागद ओला झाला की पाय ठरत नाही, पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. हातपाय धुवायलासुद्धा काठावर उतरू नका. कठडा नसलेल्या विहिरी असतात, म्हणून अंधारात निघणं टाळा.

दगडांखाली, खडकांच्या फटीत फुरसं हा विषारी साप असतो. लहानसा, मातकट रंगाचा, मुरमात दिसत नाही. दगड उलथू नका, बसायच्या आधी काठीनं आपटून बघा. पायाला चावलाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही. तो पाय हलू न देता 108 ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा.

टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर थांबा आणि आल्या पावली मागे या. तिची अंडी उघड्या मुरमातच असतात, खड्यांसारखी ठिपकेदार. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

मेंढरांचा कळप दिसला तर दुरूनच मेंढपाळाला हाक द्या. कुत्री अंगावर आली तर पळू नका, तो बोलावेपर्यंत जागेवर उभे राहा.

पायवाट
पांदण कुठली धरायची हे तिथे कुणाला विचारू?

शिवारकर
आदल्या संध्याकाळी दूध डेअरीवर विचारा. कुठली पांदण मोकळी आहे, कुठे वेड्या बाभळीनं बुजलीय, ते दूध घालायला येणाऱ्यांना रोजचं माहीत असतं.