खरी अडचण 'नये'ची
इंग्रजीत 'या भीतीने' म्हणायला 'फॉर फिअर' वापरतात. प्रश्न असा, की त्यापुढे 'ऑफ' घ्यायचं की 'दॅट'? 'ऑफ'नंतर नाम किंवा 'इंग'चं रूप, 'दॅट'नंतर कर्ता-क्रियापदासह अख्खं वाक्य. पण पोरं अडतात ती मराठीतल्या 'नये'पाशी, त्याचं सरळ 'नॉट' करतात. आमच्याकडे वादळाची चाहूल लागली की हर्णै बंदरातल्या होड्या आंजर्ल्याच्या खाडीत नेतात, 'होडी हातची जाऊ नये म्हणून'. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एकीने वहीत लिहिलं, 'फॉर फिअर ऑफ नॉट लूझिंग द बोट'. अर्थच उलटला! भीती होडी जाण्याची, म्हणून 'नॉट' नको: 'फॉर फिअर ऑफ लूझिंग द बोट'. किंवा 'फॉर फिअर दॅट द बोट माइट सिंक'. आधी मनात 'होडी बुडेल या भीतीने' असं म्हणून बघा, 'नये' आपसूक गळतं.