हरभरा मर रोग: कुंडीतल्या चाचणीत जेजी ६२ पुरता मरत नाही

रब्बी_मांजरी: हरभऱ्याच्या १२ ओळी (म्हणजे निवडीतले वेगवेगळे वाण) मर रोगासाठी तपासतोय, पुण्याजवळ मांजरीत, शेडनेटमध्ये. १५ सेंमीच्या कुंड्या, दर कुंडीत १० बिया. तुलनेसाठीचे वाण: रोगाला हमखास बळी पडणारा जेजी ६२, प्रतिकारक डब्ल्यूआर ३१५. पेरून महिना झाला, जेजी ६२ ची निम्मीच रोपं मेलीत. काही ओळींत एकही मर नाही. त्या प्रतिकारक धरायच्या का?

बुरशीवाला: नाही. जेजी ६२ किमान ९० टक्के मेला नाही तर वाचलेलं रोप प्रतिकारक की नुसतं रोगातून सुटलेलं, हे सांगता येत नाही. माती अजून पुरेशी रोगट नाही.

९० ग्रॅम वाळू, १० ग्रॅम मक्याचा भरडा, २० मिली पाणी फ्लास्कमध्ये घेऊन १५ पौंड दाबाला २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक). गार झाल्यावर फ्युजेरियमचं, म्हणजे मर रोगाच्या बुरशीचं, शुद्ध कल्चर टाकून २५ ते २८ अंशांवर १५ दिवस ठेवा, मधूनमधून हलवा, नाहीतर गठ्ठे होतात. २ किलो निर्जंतुक मातीला २०० ग्रॅम मिसळा, पाणी देऊन चार दिवस थांबा, मग आधी सगळ्या कुंड्यांत फक्त जेजी ६२ पेरा. मेलेली रोपं बारीक चिरून त्याच मातीत गाडा आणि पुन्हा जेजी ६२. ९० टक्क्यांच्या वर मर आली की मगच तुमच्या ओळी. कंटाळवाणं आहे, पण हे टाळून केलेल्या चाचणीला अर्थ नाही.

बियाण्याला कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) किंवा ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी बुरशी) लागलंय का तेही बघा, त्यानंही मर कमी दिसते. दुकानातलं बियाणं बहुधा प्रक्रिया केलेलंच असतं.

मूळखोड: मेलेलं प्रत्येक रोप उपटून खोड उभं चिरा. आत तपकिरी-काळी रेघ, मुळं बाहेरून धड, तर मर. मुळं काडीसारखी कडक मोडतात, साल सुटते, ती कोरडी मूळकूज. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे दिसले तर मानकूज. या दोन्ही मोजणीतून वगळा. मर रोगाला माती साधारण २५ अंशांची लागते. पुण्यात फेब्रुवारीअखेर ऊन तापलं आणि कुंड्यांना पाणी कमी पडलं की कोरडी मूळकूज घुसते आणि आकडे बिघडतात.

रब्बी_मांजरी: एवढा वेळ नाही. मुळं बुडवण्याची पद्धत चालेल?

बुरशीवाला: प्राथमिक चाळणीला चालेल. निर्जंतुक वाळूत वाढवलेली ८ दिवसांची रोपं हलक्या हातानं उपटा, मुळं धुवा, टोकं सेंमीभर कापा, मिलीला १० लाख बीजाणूंच्या द्रावणात काही मिनिटं बुडवून लावा. द्रावण मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा आणि बीजाणू हिमोसायटोमीटरवर (सूक्ष्मदर्शकाखालची मोजणीची काच) मोजा, अंदाजानं नको. काही रोपं नुसत्या पाण्यात बुडवून लावा. तीही मान टाकू लागली तर दोष लावणीचा, बुरशीचा नाही.

मूळखोड: एका ओळीची १० रोपं मात्र फार कमी. एक मेलं की १० टक्के, आणि प्रतिकारकची सीमा तिथेच संपते. तीन कुंड्या मिळून ३० तरी ठेवा. शिवाय महिन्याच्या मोजणीवर थांबू नका. के ८५० सारखे वाण उशिरा मरतात, तुमची ओळ तशी असली तर महिन्याची मोजणी फसवी ठरेल. दुसरी मोजणी घाटे भरताना.