'प्लॅनेट ड्रम'च्या धर्तीवर तबला, काँगा आणि घटम: डग्गा का हरवतो?

लयवेडा
ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचे ड्रमर मिकी हार्ट यांच्या 'प्लॅनेट ड्रम' (१९९१) या अल्बमच्या धर्तीवर सहा-सात मिनिटांचं वादन बसवायचं आहे. तबला, दोन काँगा (हाताने वाजवायचे उंच क्युबन ढोल), घटम (दक्षिणेकडचं मातीच्या मडक्याचं तालवाद्य) आणि छोटा ड्रमसेट. ठेका केरवा. सगळे एकत्र वाजले की डग्ग्याचा घुमारा गडप होतो आणि रेकॉर्डिंगमध्ये चाटीवर (तबल्याच्या कडेच्या टोकदार आवाजावर) ड्रमसेटच्या झांजा चढतात. त्या अल्बममध्ये इतकी वाद्यं असूनही सगळं सुटं कसं ऐकू येतं? आणखी काय ऐकावं?

मंद्रसप्तक
आधी 'डिगा' (१९७६) ऐका. सॅन राफेलच्या अली अकबर कॉलेजमध्ये झाकीर हुसेन यांनी तालवाद्यांचा जो ताफा उभा केला, त्यात हार्ट आले आणि त्याचा डिगा रिदम बँड झाला. तबले, मरिंबा आणि व्हायब्राफोन (लाकडी आणि धातूच्या पट्ट्यांची सुरेल तालवाद्यं) यांच्यात लय वाटलेली आहे, त्यामुळे कोण कुठली मात्रा उचलतं ते बोटांवर मोजता येतं.

मग 'प्लॅनेट ड्रम'. झाकीरभाई, घटमवर विक्कू विनायकराम, काँगावर जिओवानी हिदाल्गो, टॉकिंग ड्रमवर (दाबून सूर बदलता येणारा आफ्रिकन ढोल) सिकिरू अदेपोजू, शिवाय नायजेरियन ढोलवादक ओलातुंजी आणि ब्राझीलचे तालवादक आइर्तो मोरेरा. ग्रॅमीने जागतिक संगीताच्या अल्बमसाठी वेगळा पुरस्कार १९९२ साली पहिल्यांदा दिला, तो यालाच. 'ग्लोबल ड्रम प्रोजेक्ट' (२००७) शेवटी ठेवा. ऐकायला अप्रतिम, पण इलेक्ट्रॉनिक संस्कार इतके आहेत की मूळ वाद्य ओळखणं अवघड जातं.

हार्ट हे दोन ड्रमरच्या रॉक बँडमधले, तरी इथे स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावरचा दणका त्यांनी मध्ये आणलेला नाही. बाकीच्यांना जागा मिळते ती तिथे. तुमच्या ड्रमसेटमधून आधी तो दणका काढा.

गजरा_आणि_गट्टे
डग्गा हरवण्याचं कारण सुरात आणि मात्रेत, दोन्हीकडे आहे.

सूर घटमापासून लावायला घ्या, कारण तो भट्टीतच ठरलेला असतो. घटम काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा) असेल तर तबला काळी एकला, लहान काँगा षड्जाला आणि मोठा मंद्र पंचमाला. मोठा काँगा याहून खाली उतरवला की डग्ग्याचा घिस्सा (मनगट घासून काढलेला घुमारा) त्याच्याच पट्ट्यात शिरतो आणि दोन्ही मिळून नुसती गुणगुण उरते. खोलीत एसी असेल तर वाद्यं अर्धा-पाऊण तास तिथे ठेवून मगच हातोडी उचला. पुडी वाळते तसा सूर चढतो, पावसाळी दमट हवेत उतरतो.

आता मात्रा. केरव्याचे आठ बोल: धा गे ना ती, न क धी ना. काँगाच्या नेहमीच्या तुंबाव चालीत तिसऱ्यावर स्लॅप (कडक थापट) आणि सातव्या-आठव्यावर दोन खुले ठोके असतात. सातव्यालाच तुमचा 'धी' आहे, म्हणजे दोन घुमारे एकाच जागी पडतात. काँगावाल्याने सातवा ठोका दाबून घ्यावा आणि फक्त आठवा खुला ठेवावा. बास ड्रम पहिल्या मात्रेवर नको, ती डग्ग्याची.

खोलीतला_आवाज
झांजांचं दुखणं इक्वलायझरने बरं होत नाही, कारण चाट आणि झांज एकाच उंच पट्ट्यात असतात. झांज कापली की चाटही बोथट होते.

शक्य असेल तर ड्रमसेट नंतर वेगळा रेकॉर्ड करा. एकत्रच वाजवायचं असेल तर क्रॅश (मोठ्याने फुटणारी झांज) काढा, काठ्यांऐवजी ब्रश किंवा मॅलेट घ्या आणि तबल्याच्या कार्डिऑइड (समोरचं जास्त आणि मागचं कमी पकडणाऱ्या) माइकची पाठ थेट झांजांकडे करा. तबल्यावर छोटा कंडेन्सर माइक, शाईपासून १५ ते २० सेंटिमीटर वर, किंचित तिरका. डग्ग्यावर डायनॅमिक माइक, तेवढ्याच अंतरावर, पण मनगटाला आड येणार नाही असा. काँगाचा माइक तबल्याच्या माइकपासून निदान ६० सेंटिमीटर दूर हवा. माइक वाद्यापासून जितका लांब, त्याच्या तिप्पट अंतर दोन माइकमध्ये.

मग डग्ग्याच्या ट्रॅकची फेज (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटवून पाहा. घुमारा वाढला तर तशीच ठेवा.

लयवेडा
धन्यवाद, सातव्या मात्रेचं कळलं. मध्ये तीनताल घेऊन त्यावर ३-२ क्लावे (आधी तीन, मग दोन ठोक्यांचा क्युबन ठेका) वाजवला तर चालेल?

गजरा_आणि_गट्टे
फार छान बसतो. सोळा मात्रांत ३-२ सोन क्लावेचे ठोके १, ४, ७, ११, १३ वर पडतात. सम आणि तेरावीची टाळी सापडते, नवव्या मात्रेची खाली मोकळी राहते. फक्त उलटा, २-३ सुरू होऊ देऊ नका. ते ठोके ३, ५, ९, १२, १५ वर येतात. खालीच्या मात्रेवर ठोका, सम रिकामी, आणि तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपणारा तुकडा) घेऊन समेवर आलात तरी क्लावे तिथे नसतो. म्हणून क्लावेवाल्याला समेपासून उचलायला सांगा, तिहाईनंतर तर हटकून.