सल्ला हवा: सागरी पोलिसांच्या सरावाचे फोटो, पहाट आणि पाऊस

भाट्येकर: नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात रत्नागिरीजवळ सागरी पोलिसांचा बोटीतून किनाऱ्यावर उतरण्याचा सराव आहे. फोटो काढायला मला बोलावलंय, लेखी परवानगी आहे. वेळ पहाटेची, मी बोटीवर, परतीचा पाऊस धरून चाला. कॅनन 1500डी कॅमेरा आणि 18-55 लेन्स आहे. बजेट 15 हजार. काय घेऊ?

दर्यावर्दी: 70-200 एफ 2.8 लेन्स, लांबचं जवळ दिसतं आणि उजेडही भरपूर घेते (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). दुसरं बघूच नका. हर्णैला मी तिच्यावरच होड्या टिपतो. थांबा, पैसे साठवा, पण घ्या तीच.

मिऱ्याकाठ: +1. पण बॉडीपण (म्हणजे कॅमेराच) सीलबंद, पाणी आत न जाणारी लागते, 1500डी तशी नाही. तीही बदला.

चिपळूणवाला: अहो, ते 15 हजार म्हणतायत! पावसापेक्षा खारे तुषार वाईट. बोटीवर लेन्स बदलायची नाही. घरी आलात की गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने बॉडी पुसा, मग कोरड्याने, आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. माझ्या लेन्सला बुरशी लागली, दुकानदाराने पैसे घेतले आणि डागासकट परत दिली!

देवगडचो: माका 150-600 बरी पडली. ट्रायपॉड मात्र होयो.

मिऱ्याकाठ: बोटीवर ट्रायपॉड? इंजिनाची सगळी थरथर कॅमेऱ्यात येईल.

देवगडचो: मी धक्क्यार ऱ्हवान काढतंय, होडयेर नाय.

खाडीवरची: भाट्येकरदादा, आधी एएफ असिस्ट बंद करा. अंधारात फोकससाठी या कॅमेऱ्याचा फ्लॅश लुकलुकतो. डोळे अंधाराला सरावलेले असताना तो जवानांच्या तोंडावर मारला तर त्यांचा सराव बिघडेल. फोकसला मधलाच बिंदू ठेवा. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) 3200-6400 ला घाबरू नका, शटर 1/500 सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. फोटो दाणेदार आला तर चालतो, हललेला फुकट जातो. रेलिंगला कोपर टेकू नका, गुडघे सैल सोडून उभे राहा. सेकंदाला 3च फोटो निघतात, त्यामुळे नुसतं बटण दाबून धरण्यात अर्थ नाही.

दर्यावर्दी: एवढ्या कसरतीपेक्षा 2.8 घ्या, परत सांगतो. अवांतर: सागर कवच या किनारा सुरक्षेच्या सरावात मच्छीमारही असतात, त्यांचे फोटो कोणी काढत नाही.

मिऱ्याकाठ: सागर कवच वेगळं हो. तिथे रेड फोर्स घुसायला बघते, ब्लू फोर्स अडवते. इथे नुसतं प्रशिक्षण आहे.

भाट्येकर: सगळ्यांचे आभार. 50 एमएम एफ 1.8 घेतोय. जवान माझ्या हातभर अंतरावर असणार, लांबची लेन्स काय करू? माझी 18-55 पुढे ओढली की 5.6 वर येते, त्याच्या जवळपास दहापट उजेड मिळेल. उरलेल्या पैशांत रेनकव्हर आणि डबा. एएफ असिस्ट बंद केलाय.

दर्यावर्दी: किनाऱ्यावर उतरून धावायला लागले की 50 पुरणार नाही. लिहून ठेवा.

खाडीवरची: काढलेले फोटो आधी अधिकाऱ्यांना दाखवा, ते हो म्हणाले तरच इथे टाका.