डेरिक परेरा ‘तात्पुरता माणूस’? जरा दमानं घ्या!

कूपरेजचा_कट्टेकरी
काल इथे एका आयडीने लिहिलं, “डेरिक परेरा म्हणजे तात्पुरता माणूस. परदेशी कोच पळाला की दाराला कडी घालायला बोलवायचा.” वर पोत्याने लाइक. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

२००५-०६ ला मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने फुटबॉलची नॅशनल लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सर्वात मोठी लीग, जिंकली तेव्हा कोच कोण होता? डेरिकच. त्याआधी मुंबईच्या एकाही क्लबला ते जमलं नव्हतं. मग त्याच लीगचं नाव आय-लीग झाल्यावर पुणे एफसी : २००९-१० ला तिसरे, २०१२-१३ ला चर्चिलच्या पाठोपाठ दुसरे. ईस्ट बंगाल, मोहन बागान दोघंही खाली. हे सगळं गोव्याच्या साळगावकर क्लबच्या डिफेन्समध्ये हाडं झिजवून आलेल्या माणसाने केलं. गोल मारणाऱ्याचा फोटो येतो, बॉल लाइनवरून काढणाऱ्याचं नावही पेपरात येत नाही. कोच झाल्यावरही त्याच्या नशिबी तेच?

म्हापशेकार
सगळं मान्य. पण २०२१-२२ चं काय? आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, चालू असताना डिसेंबरात आमच्या एफसी गोवाचा स्पॅनिश कोच फेरांडो मोहन बागानकडे गेला, टीम डेरिककडे आली आणि अकरा टीममध्ये आम्ही नववे. नववे! तीन महिने रोज रात्री टीव्हीसमोर बसून मी ते सोसलंय. तुम्ही मुंबईत बसून जुन्या ट्रॉफ्या पुसा.

कूपरेजचा_कट्टेकरी
कोविडचा बायो-बबल, स्टँड रिकामे, टीम दुसऱ्याने निवडलेली, प्री-सीझन नाही. हातात काय दिलं होतं त्याच्या? फोडणी दुसऱ्याने करपवायची आणि भाजी बेचव झाली म्हणून वाढणाऱ्याला बोलायचं, असला न्याय.

स्टॉपर_नं_५
एक वेगळाच मुद्दा. डिफेंडर कोच झाला की टीम घाबरट खेळते, हे मी अंगावर काढलंय. आमच्या बँकेच्या टीमचा कोच जुना स्टॉपर. सरावाला आम्हा चौघा बॅकच्या कमरेला नायलॉनची दोरी बांधायचा. एकाने पाऊल पुढे टाकलं की चौघांनी टाकायचं, नाहीतर दोरी काचायची. महिन्यात लाइन अशी बसली की ऑफसाइडला समोरचे रडकुंडीला यायचे. पण गोल? सहा मॅच, पाच ०-०! शेवटी पेनल्टीवर बाहेर. कमरेचे वळ मात्र पावसाळाभर होते.

डी_लायसन्सवाला
दोरी राहू दे, मूळ दुखणं बोला. इथला माणूस एकेक पायरी चढत कोचिंगच्या प्रो लायसन्सपर्यंत जाणार, आणि आयएसएल आल्यावर पहिल्या बाकावर स्पेनचे पाहुणे. देशी माणसाला ‘टेक्निकल डायरेक्टर’ म्हणायचं आणि आग लागली की बादली द्यायची. मी स्वतः कोर्ससाठी बिनपगारी रजा टाकली. परत आलो तर शाळेने पीटीचे तास दुसऱ्याला दिलेले.

म्हापशेकार
रजेचं दुःख इथे कशाला? आणि देशी-परदेशी रडगाणं खालिद जमीलने कधीच संपवलं. कोच म्हणून २०१६-१७ ला आयझॉल क्लबला आय-लीग जिंकून दिली, पुढे आयएसएलमधल्या नॉर्थईस्ट युनायटेडचा कायम हेड कोच, २०२५ पासून भारताचा. ज्याच्यात दम आहे तो पुढे जातो.

कूपरेजचा_कट्टेकरी
हो का? मग त्याच २०२१-२२ च्या टेबलमध्ये दहावं कोण होतं तेही सांगा. नॉर्थईस्ट. कोच खालिद. तुमच्या नवव्याच्या एक पायरी खाली. त्याला पुढे संधी मिळाली, डेरिकवर शिक्का बसला. शिवाय खालिद महिंद्रातच खेळलेला. जाऊ दे, तुम्हाला नाही कळायचं.

बालेवाडी_रिटर्न
मला एक सांगा, महिंद्रा २०१० ला बंद झाली तेव्हा तुमच्यापैकी कोण रडलं? पुणे एफसी गेली तेव्हा? मनपावरून बस पकडून मी बालेवाडीला जायचो. एवढं मोठं स्टेडियम आणि माणसं तुरळक. गोलकीपर बॅकवर ओरडला की शब्द न् शब्द वर ऐकू यायचा. आता सगळ्यांना उमाळा!

कूपरेजचा_कट्टेकरी
मी मुंबईच्या कूपरेज मैदानावर होतो. ऑफिसातून पोट दुखतंय सांगून.

बालेवाडी_रिटर्न
एकटे तुम्ही. बाकी मुंबई रात्री अडीचला चॅम्पियन्स लीग बघत होती.

डी_लायसन्सवाला
मॅच कामाच्या दिवशी दुपारी ठेवायच्या आणि पब्लिकला शिव्या द्यायच्या! शाळेतली पोरं न्यायची म्हटलं तर गाडीचे पैसे मी खिशातून द्यायचे का?

बालेवाडी_रिटर्न
मी रविवारच्या मॅचबद्दलच बोलतोय. बहाणे नकोत. धंदेवाल्याने रिकाम्या खुर्च्यांसाठी किती वर्षं पैसे ओतायचे?

म्हापशेकार
म्हणूनच म्हणतो, गोव्यात या. आमच्याकडे क्लब हरला की तिंट्यावर, म्हणजे बाजारात, भांडणं होतात.

बालेवाडी_रिटर्न
आणि तुमचेच साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो हे क्लब २०१६ ला आय-लीगमधून बाहेर पडले ते कुणाच्या तिंट्यावरून?

म्हापशेकार
ते फेडरेशनमुळे! आयएसएलला वर घातलं आणि आय-लीगला खाली ढकललं म्हणून. माहिती नसेल तर तोंड आवरा.

बालेवाडी_रिटर्न
आवाज खाली. तोच नियम आमच्या पुण्याला लावा की मग. आमचं पब्लिक वाईट आणि तुमचं बिचारं?

स्टॉपर_नं_५
धागा डेरिकचा होता ना? दोरी बांधा रे कुणीतरी यांना.

कूपरेजचा_कट्टेकरी
धाग्यावरच आहे हे. कोच आर्मांडो कोलासोंनी धेंपोला मिळवून दिलेली पाच विजेतेपदं गोव्यात प्रत्येकाला पाठ आहेत, कारण मागे गाव आहे. डेरिकचं विजेतेपद ज्या क्लबचं, तो क्लबच उरला नाही. आठवण काढणार कोण?

म्हापशेकार
हे बरोबर बोललास. एकदाच.

कालचा_आयडी
मूळ वाक्य माझं. अख्खा धागा वाचला. महिंद्राचं खरंच माहीत नव्हतं, तेव्हा मी तिसरीत होतो. ‘तात्पुरता’ मागे घेतो. ‘नववा’ घेणार नाही.

म्हापशेकार
घेऊच नकोस. पण ‘नववा’ म्हणायचा हक्क फक्त आमचा. तू पुणेकर दिसतोस, तू ‘दुसरा’ म्हण.